ब्रेमेनियमची टेकाडं: सरहद्दीवरच्या रोमन स्मशानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही टेकाडं नेमकी कुठं आहेत?

उत्तर इंग्लंडमध्ये, नॉर्थम्बरलंड परगण्यात, रीड नदीच्या खोऱ्यात. तिथल्या हाय रॉचेस्टर या वस्तीच्या जागी ब्रेमेनियम नावाचा रोमन किल्ला होता. किल्ल्याजवळून डिअर स्ट्रीट हा लष्करी रस्ता जायचा. किल्ल्यातून निघून या रस्त्याने आग्नेयेकडे थोडं चाललं की माळावर लहान लहान मातीचे उंचवटे दिसतात. मोजलेले उंचवटे नव्वदच्या आसपास आहेत आणि चार दगडी कबरी आहेत. या जागेला पेटी नाउज म्हणतात. ‘नाउ’ म्हणजे तिकडच्या बोलीत टेकाड, त्यामुळे नावातच सगळं आलं.

गाडीतल्या नकाशात नुसतं ‘रॉचेस्टर’ टाकू नका. त्याच नावाचं मोठं शहर केंट परगण्यात आहे, देशाच्या दुसऱ्या टोकाला. ‘हाय रॉचेस्टर, नॉर्थम्बरलंड’ असं पूर्ण टाका.

यांना दफनटेकाड म्हणायचं का? माणसं पुरली आहेत की जाळली आहेत?

जाळली आहेत. मराठीत अशा उंचवट्यांना सरसकट दफनटेकाड म्हणायची सवय आहे, पण इथं तो शब्द दिशाभूल करतो. उघडलेल्या टेकाडांखाली मिळाले ते दहनाचे अवशेष: कोळसा, राख, जळक्या हाडांचे तुकडे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर हे सावडलेल्या अस्थींवर घातलेलं टेकाड. म्हणून पुढे नुसतं ‘टेकाड’ म्हटलं आहे.

किल्ला आणि रस्ता किती जुने?

अग्रिकोला हा सुभेदार उत्तरेकडे सैन्य घेऊन गेला तेव्हा, म्हणजे इ.स. ८०च्या सुमारास, पहिला किल्ला उभा राहिला. इकडे महाराष्ट्रात तेव्हा सातवाहनांचा काळ चालू होता. पुढे इ.स. १४०च्या आसपास लोलियस उर्बिकस या सुभेदाराच्या कारकिर्दीत किल्ला पुन्हा बांधला गेला. त्या बांधकामाचा शिलालेख लिंगोन लोकांच्या पहिल्या पलटणीचा आहे. तिसऱ्या शतकात इथं वार्दुली लोकांची पहिली पलटण होती. वार्दुली हे उत्तर स्पेनचे, आजच्या बास्क प्रदेशातले. पलटण घोडदळ-पायदळ मिश्र आणि कागदावर हजार माणसांची. जोडीला टेहळणी करणारं पथक. या काळातले दोन शिलालेख दगडफेक करणाऱ्या यंत्रांच्या चौथऱ्यांच्या बांधकामाची नोंद देतात. किल्ला हेड्रियनच्या भिंतीच्या उत्तरेला, म्हणजे सरहद्दीच्याही पुढं होता, हे लक्षात घेतलं की इतकी तयारी कशाला, ते कळतं. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला तो सोडून देण्यात आला.

डिअर स्ट्रीट दक्षिणेला यॉर्कपासून निघतो, कॉर्ब्रिज इथं टाइन नदी ओलांडतो, रिसिंगहॅम आणि हाय रॉचेस्टर करत स्कॉटलंडमध्ये शिरतो. ‘डिअर’ हे नाव रोमन नाही. नंतरच्या अँग्लो-सॅक्सन डेइरा राज्यावरून पडलेलं आहे. रोमन काळातल्या एका मार्ग-यादीत ब्रिटनमधला पहिलाच मार्ग ब्रेमेनियमपासून सुरू होतो आणि कॉर्ब्रिजपर्यंतचं अंतर २० मैल दिलेलं आहे. एक रोमन मैल सुमारे १.४८ किलोमीटरचा. नकाशावर सरळ रेषेत मोजलं तरी हे अंतर ३६ किलोमीटरच्या पुढं जातं, म्हणजे जवळजवळ २५ रोमन मैल. नक्कल करताना कुणा लेखनिकाच्या हातून आकडा निसटलेला दिसतो. त्या यादीवर विसंबून जमिनीवर माप टाकायला जाल तर फसाल.

स्मशान रस्त्याच्या कडेलाच का?

नियम आणि हौस, दोन्ही. रोमच्या सर्वांत जुन्या लिखित कायद्यात, बारा पट्ट्यांच्या कायद्यात, शहराच्या हद्दीत मृताला पुरायला किंवा जाळायला मनाई होती. किल्ला आणि त्याला चिकटलेली वस्ती यांनाही तोच रिवाज लागू. आपल्याकडे मसणवटा वेशीबाहेर असतो तसाच. पण आपला मसणवटा सहसा ओढ्याकाठी, आडबाजूला; रोमन माणसाला मात्र आपली कबर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेत हवी असायची. थांबून नाव वाचावं, दोन शब्द बोलावेत, ही अपेक्षा थडग्यांवरच्या लेखांत उघड लिहिलेली असते. वाहता रस्ता म्हणजे वाचक. रोमजवळच्या आपियन रस्त्यावर जे संगमरवरात झालं तेच इथं माती आणि वालुकाश्मात झालं.

म्हणून पेटी नाउजला गेल्यावर आधी रस्ता शोधा, मग टेकाडं. रस्त्याची ओळ एकदा डोळ्यांत बसली की उंचवट्यांची मांडणी आपोआप उलगडते.

एक टेकाड कसं तयार व्हायचं?

पद्धती दोन. पहिलीत चिता जिथं जळली तिथंच टेकाड. माणसाच्या लांबीचा उथळ खड्डा खणायचा, त्यावर सरण रचायचं. खड्ड्यामुळे खालून हवा खेळते आणि सरण चांगलं पेटतं. जळून झालं की सगळं त्या खड्ड्यात कोसळतं. वरून माती लोटायची. दुसऱ्या पद्धतीत चिता सामाईक जागेवर पेटवायची, विझवायची, अस्थी वेचायच्या, मडक्यात, कापडात किंवा लाकडी पेटीत घालून दुसरीकडे छोट्या खड्ड्यात ठेवायच्या आणि त्यावर टेकाड.

खणताना या दोन्हींत फरक कसा करायचा? खड्ड्याच्या कडा बघायच्या. कडांची माती विटेसारखी लाल झाली असेल तर आग तिथंच होती. कडा नेहमीच्या रंगाच्या आणि मध्ये राखेची पुरचुंडी असेल तर अस्थी बाहेरून आणलेल्या. कोळशाचं प्रमाण मात्र फसवं असतं, कारण अस्थींबरोबर चितेची राखही मूठ-दोन मुठी आणून टाकायची पद्धत होती.

त्यानंतर भोवती गोल चर खणायचा आणि निघालेली माती आत टाकायची. इथली टेकाडं लहान आहेत, साधारण तीन ते पाच मीटर व्यासाची, आज गुडघ्याच्याही खाली. एका नमुन्याचा हिशेब करून बघू. चराच्या मधल्या रेषेचा व्यास ४ मीटर, वरची रुंदी ६० सेंटीमीटर, खोली ४० सेंटीमीटर, तळ गोलसर. असा चर खणला तर सुमारे २ घनमीटर माती निघते. आतल्या ३.४ मीटर व्यासाच्या वर्तुळावर ४० सेंटीमीटर उंचीचा घुमटाकार ढीग करायला लागते १.८५ घनमीटर. म्हणजे चराची माती टेकाडाला पुरते, बाहेरून काही आणावं लागत नाही. वजन तीन टनांच्या वर, आपल्या मापात पावणेदोनशे-दोनशे घमेली. दोघा-तिघांचं एका दिवसाचं काम. खणलेली माती फुगते, त्यामुळे पहिल्या दिवशी ढीग याहून उंच दिसणार. पावसाळी हवेत तो लवकरच बसतो.

इथल्या माणसांना हे काम शिकवावं लागत नव्हतं. सैनिकाकडे कुदळ असायचीच आणि मुक्कामाला बांध घालायला हरळीचे चौकोन कापायचा सराव असायचा. वेजेटियस हा लष्करी लेखक अशा चौकोनाचं माप देतो: दीड फूट लांब, एक फूट रुंद, अर्धा फूट जाड. टेकाडाच्या कडेला असे चौकोन लावले तर माती चरात घसरत नाही. न लावल्यास पहिल्या काही हिवाळ्यांतच चर निम्मा भरतो. आज बऱ्याच टेकाडांभोवती चर म्हणून फक्त हिरवट, ओलसर वळं दिसतं ते यामुळेच.

चितेला किती लाकूड लागायचं?

आपल्याकडे एका देहाला आठ-दहा मण लाकूड धरतात, म्हणजे ३०० ते ४०० किलो. उघड्या चितेच्या प्रयोगांत पूर्ण दहनासाठी अर्धा टन ते एक टन लाकूड वापरलं गेलं आहे. रीड खोऱ्यात पाऊस भरपूर आणि वारा सततचा. ओलं लाकूड धुमसतं, तापमान चढत नाही आणि हाडं काळीच राहतात. वारा एका अंगाने लागला तर एक बाजू पांढरी होते, दुसरी अर्धवट राहते. म्हणून सरण रचताना ओंडके थराथराने आडवे-उभे ठेवायचे, मध्ये फटी सोडायच्या आणि काटक्या भरायच्या. सगळं मनासारखं जमलं तरी सात-आठ तास जातात.

हाडाचा रंग म्हणजे चितेची तापमापी. तपकिरी किंवा काळं हाड म्हणजे ३०० अंश सेल्सियसच्या आसपास अडकलेलं. निळसर-राखाडी म्हणजे त्याच्या वर. ६०० अंशांच्या पुढं हाड पांढरं होतं, त्याला आडव्या वक्राकार भेगा पडतात आणि ते आकसतं. एकाच माणसाची कवटी पांढरी आणि पावलं काळी मिळाली तर पाय सरणाच्या कडेला गेले होते असं समजायचं.

टेकाडाखाली अस्थी इतक्या कमी का मिळतात?

प्रौढ माणसाच्या पूर्ण दहनानंतर साधारण १ ते २.४ किलो हाडं उरतात. रोमन काळातल्या दहनात मात्र अनेकदा काहीशे ग्रॅमच हाती लागतात. लोक लगेच म्हणतात, कुणी तरी चोरलं. तसं नाही. सगळ्या अस्थी वेचणं कुणालाही बंधनकारक वाटत नव्हतं. थोड्या सावडल्या, विधी झाला. जे आपण तिसऱ्या दिवशी करतो, ते रोमन कुटुंब चिता विझवल्यावर करायचं: पाणी किंवा वाइन शिंपडून निखारे शांत करायचे, मग वेचायचं. विझवताना तापलेली हाडं तडकून बारीक होतात आणि बारीक तुकडे राखेत हरवतात. त्यात नांगर, मेंढ्यांचे खूर आणि सशांची बिळं यांची भर.

मग न जाळलेली माणसं इथं होतीच नाहीत?

हा प्रश्न चांगला आहे, कारण इथली माती आम्लधर्मी आहे. माळावरच्या पीट-मातीत, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या ओलसर काळ्या थरात, न जाळलेलं हाड विरघळून जातं. कडक भाजलेल्या हाडाची रचना बदलते, स्फटिकासारखी घट्ट होते, म्हणून ते टिकतं. म्हणजे ‘इथं फक्त दहनच होतं’ असं केवळ हाडांवरून ठरवता येत नाही; खड्ड्याचा आकार आणि बुटाचे खिळे कसे पडले आहेत, तेही बघावं लागतं. तरी एक खरं: साम्राज्यात इतरत्र दुसऱ्या शतकाच्या अखेरीपासून पुरण्याची पद्धत वाढत गेली, तर उत्तर सरहद्दीवरच्या पलटणी तिसऱ्या शतकातही दहनालाच चिकटून होत्या. कंब्रियातल्या ब्रूम इथल्या किल्ल्याजवळचं मोठं स्मशान याचा ठळक पुरावा आहे.

सोबत काय काय ठेवलेलं असतं?

फार श्रीमंती नाही. मातीची भांडी, बहुतेक फुटलेली. काचेच्या अत्तरदाण्यांचे वितळून झालेले हिरवट थेंब. तिरडीचे किंवा पेटीचे लोखंडी खिळे. आणि बुटांचे खिळे. रोमन सैनिकी जोड्याच्या तळाला घुमटाकार डोक्याचे लोखंडी खिळे ठोकलेले असायचे. खणताना ते एकेक सुटे न उचलता जागेवर ठेवून नोंदवायचे. पावलाच्या आकारात ओळीने पडलेले असतील तर जोडे खड्ड्यात नंतर ठेवले गेले. विखुरलेले आणि भाजलेले असतील तर माणूस जोड्यांसकट चितेवर होता. गंजलेला खिळा म्हणजे नुसता तपकिरी गोळा दिसतो, म्हणून चाळणी आणि चुंबक लागतंच. ही साधी गोष्ट चुकली की अर्धी माहिती मातीच्या ढिगात जाते.

मेल्यावर पुन्हा कुणी भेटायला यायचं का?

यायचं. नवव्या दिवशी कबरीपाशी जेवण असायचं. शिवाय दरवर्षी १३ ते २१ फेब्रुवारी हे दिवस पितरांचे. धान्य, मीठ, फुलं, वाइन असं साधंच न्यायचं. पितृपंधरवड्याची आठवण होते खरी, पण कावळा नाही. वेल्समधल्या कार्लिअन इथं शिशाच्या भांड्यातल्या अस्थींवर शिशाचीच नळी जमिनीपर्यंत आणलेली सापडली आहे, वरून अर्पण ओतण्यासाठी. पेटी नाउजच्या साध्या टेकाडांवर अशी चैन दिसत नाही.

खर्च कोण करायचं?

सैनिकाचा पगार हातात येण्याआधीच त्यातून चारा, जेवण, बूट यांची कपात व्हायची. वेजेटियस सांगतो की तुकडीच्या ठेवींच्या दहा पिशव्यांखेरीज एक अकरावी पिशवी असायची. प्रत्येक जण तिच्यात थोडं टाकायचा आणि कुणी गेला की क्रियाकर्माचा खर्च तिच्यातून निघायचा. आपल्याकडची भिशी आठवा. एवढ्या पैशात काय होणार? लाकूड, एखादं भांडं, दोन दिवसांची मजुरी आणि टेकाड. कोरीव दगड हवा असेल तर तो वारसाने स्वतःच्या खिशातून उभारायचा आणि तसं दगडावर लिहूनही ठेवायचा.

ही सगळी सैनिकांचीच का?

नाही. किल्ल्याबरोबर बायका, मुलं, गुलाम, मुक्त झालेले गुलाम, व्यापारी आलेच. तिसऱ्या शतकाच्या आधी सामान्य सैनिकाला कायद्याने लग्न करता येत नव्हतं, पण संसार थांबले नव्हते.

आता नव्वद या आकड्याकडे बघा. हजारांच्या पलटणीत, युद्ध नसतानाही, वर्षाला शंभरात एक मेला असं कमीत कमी धरलं तरी दहा जण होतात. शंभर वर्षांत हजार. वस्तीतले लोक वेगळेच. तेव्हा ही टेकाडं म्हणजे मेलेल्यांची यादी नव्हे. ज्यांच्यासाठी कुणी तरी दोनशे घमेली माती ओढली त्यांची यादी आहे. बाकीचे मधल्या सपाट जमिनीत, खुणेशिवाय. म्हणून टेकाडांमधली मोकळी जागा रिकामी समजून तिच्यावर तंबू ठोकणं किंवा गाडी घालणं ही इथली सर्वांत मोठी चूक.

त्या दगडी कबरींचं काय?

बहुतेक लोक त्याच बघायला येतात आणि फोटो काढून परततात. चारपैकी एक गोल, तीन चौकोनी. गोल कबरीचे मोठमोठे घडीव दगड अजून दोन थर उभे आहेत आणि एका दगडावर प्राण्याचं डोकं कोरलेलं आहे, बहुधा कोल्ह्याचं. डोकं लहान आणि झिजलेलं आहे. भर दुपारी ते चटकन सापडत नाही. सूर्य खाली असताना बाजूच्या उजेडात बघा किंवा टॉर्च दगडाला जवळजवळ समांतर धरा. ब्रिटनमध्ये रोमन काळातली अशी बांधीव कबर जमिनीच्या वर उभी दिसणं फार दुर्मीळ आहे. पण शिकण्यासारखं जास्त आहे ते बाजूच्या बुटक्या टेकाडांत.

गोल कबर रुफिनसची आहे, असं ऐकलं. खरं का?

तसं म्हणायला आधार नाही. रुफिनस हा वार्दुली पलटणीचा प्रमुख. त्याचा स्मृतिलेख कोरलेला दगड मात्र खरा आहे. त्याने आधी कुठल्या पलटणी सांभाळल्या, फ्लामिनियन रस्त्याच्या देखरेखीत आणि सार्वजनिक बांधकामात कोणती पदं भूषवली, हे सगळं त्यावर ओळीने आहे. शेवटी बायकोचं नाव: युलिया लुकिल्ला, सिनेटर घराण्यातली स्त्री. नवऱ्याचं वय तिने मोजून लिहिलं आहे, ४८ वर्षं, ६ महिने, २५ दिवस. इटलीतल्या रस्त्यांची व्यवस्था बघणारा माणूस इथं, भिंतीच्याही पलीकडे, गेला. हा दगड जवळच्या एल्सडन गावच्या चर्चमध्ये आहे. कुठल्या कबरीवर बसवलेला होता हे दगड सांगत नाही, त्यामुळे दोहोंची गाठ मारू नये.

जमिनीवर टेकाड ओळखायचं कसं? कशाने फसगत होते?

उंच गवत आणि नेचा नसताना जा. नोव्हेंबर ते मार्च उत्तम. सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताआधीचा तास धरा. उन्हाची तिरीप खालून आली की तीस सेंटीमीटरचा उंचवटाही सावली टाकतो. पातळ बर्फ पडला तर फारच छान, चरात बर्फ उशिरा वितळतं आणि गोल वळी स्पष्ट दिसतात. दुपारी बाराला गेलात तर टेकाडावर उभं राहूनही ‘टेकाड कुठंय?’ विचाराल.

रोमन टेकाडाची लक्षणं: लहान आकार, गोल, भोवती चर, रस्त्याच्या जवळ आणि गटाने. कांस्ययुगातली टेकाडंही या भागात आहेत, पण ती सहसा मोठी, एकटी-दुकटी आणि कड्यावर, दुरून दिसतील अशा जागी. शेत साफ करताना रचलेले दगडांचे ढीग ओबडधोबड असतात आणि त्यांना चर नसतो. जळणासाठी कापलेलं पीट वाळवायला रचायचे त्या जागा चराने वेढलेल्या असतात, पण लांबट आणि वरून सपाट. वादळात झाड मुळासकट उलटलं की एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला उंचवटा अशी जोडी उरते.

आणि इथला खास सापळा: तोफगोळ्यांचे खड्डे. शेजारीच सैन्याचं सरावक्षेत्र आहे. जुना खड्डा गवताने भरून आला की त्याची कड वर्तुळाकार दिसते आणि छायाचित्रात हुबेहूब चरासारखी वाटते. कसोटी सोपी आहे: मध्यभाग आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खाली असेल तर तो खड्डा. मात्र पूर्वी कुणी मधोमध खणून लुटलेलं टेकाडही वाटीसारखं दिसतं, तेव्हा बाहेरचा चर आहे की नाही हे बघितल्याशिवाय निकाल देऊ नका.

घरबसल्या लिडारवर दिसतील का?

लिडार म्हणजे विमानातून लेसर किरण सोडून जमिनीची उंची मोजायची पद्धत. इंग्लंडच्या पर्यावरण खात्याची एक मीटर जाळीची लिडार माहिती मोफत मिळते. चार मीटरच्या टेकाडावर अशा जाळीत आडवे चारच ठिपके पडतात, म्हणजे आकार जेमतेम उमटतो. या उंचींवरून संगणकावर उजेड-सावली पाडून चित्र करताना उजेड एकाच दिशेने टाकू नका. निदान आठ दिशांनी करून एकत्र बघा, उजेडाचा कोन १५ ते २० अंशांवर ठेवा. मग मोठे उतार वजा करून फक्त स्थानिक उंच-सखलपणा दाखवणारा थर तयार करा. मेंढ्यांच्या वाटा आणि जुन्या नांगरटीचे पट्टे गाळायला हा थर फार उपयोगी. ठिपका सापडला म्हणून टेकाड सापडलं असं होत नाही. जागेवर जावंच लागतं.

जायचं कसं?

न्यूकॅसलहून ए६९६ ने ऑटरबर्न आणि पुढे ए६८ ने रॉचेस्टर; गाडीने सव्वा तास धरा. ए६८ हा रस्ता बराचसा डिअर स्ट्रीटच्या मार्गानेच जातो, मधूनच सरळसोट ओळ लागते ती त्याची. गावातून वर हाय रॉचेस्टरला छोटा रस्ता आहे. गावातल्या जुन्या शाळेची देवडी बघायला विसरू नका, ती किल्ल्यातल्या रोमन दगडांनी बांधली आहे. किल्ल्याची तटबंदी आणि पश्चिम दरवाजा बघून मग पायवाटेने टेकाडांकडे.

ऑटरबर्न सरावक्षेत्रात खऱ्या दारूगोळ्याचा सराव चालतो. लाल निशाण किंवा रात्री लाल दिवा लागलेला असेल तर पुढं जायचं नाही, मग पायवाट नकाशात असो वा नसो. सरावाचं वेळापत्रक आधीच बघून ठेवा. जमिनीवर धातूची कसलीही वस्तू दिसली तर हात लावू नका. रोमन असण्यापेक्षा न फुटलेला गोळा असण्याची शक्यता जास्त. पायात घोट्यापर्यंतचे पाणी न शिरणारे बूट हवेत, कारण पीट वरून कोरडं दिसतं आणि पाय आत जातो. उन्हाळ्यात नेच्यात गोचिड्या असतात, पँट मोज्यात खोचा आणि घरी आल्यावर अंग तपासा. एप्रिल-मेमध्ये मेंढ्या विताना कुत्रं दोरीलाच ठेवा.

मेटल डिटेक्टर नेला तर?

गुन्हा ठरेल. ही संरक्षित जागा आहे. १९७९च्या प्राचीन वास्तू कायद्यानुसार अशा जागेवर परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणंही चालत नाही, खणणं तर दूरच. कायद्यापेक्षा व्यवहाराची गोष्ट अशी की इथं सोनं नाही. खिळे आहेत, आणि खिळ्याची किंमत तो कुठं, कसा पडला होता यातच आहे. उचलला की उरतो गंज. कबरीतला सुटा दगड आठवण म्हणून नेणं, टेकाडावर दगडांची उतरंड रचणं हेही नको.

इथं सापडलेल्या वस्तू कुठं बघायला मिळतात?

न्यूकॅसलच्या ग्रेट नॉर्थ म्युझियममध्ये. हाय रॉचेस्टरचं तिथलं सर्वांत प्रसिद्ध शिल्प म्हणजे दोन अप्सरांसह स्नान करणारी व्हीनस. ते काही फार सुबक नाही, मांड्या जाड, हात आखूड. पण सरहद्दीवरच्या स्थानिक कारागिराने ऐकीव नमुन्यावरून काय केलं, ते त्यातूनच कळतं.

रोमन टेकाडं म्हणजे मोठाल्या टेकड्या, असं वाचलं होतं. ही इतकी लहान कशी?

ती वेगळी. केंब्रिजशरमधल्या बार्टलो टेकड्यांपैकी सर्वांत उंच टेकडी सुमारे १३ मीटर आहे. बेल्जियममध्ये टोंगेरेन आणि टीनेनजवळ रस्त्यांलगत अशीच भव्य टेकाडं आहेत. ती शांत मुलखातल्या श्रीमंत जमीनदार घराण्यांची. बार्टलोमध्ये निघालेल्या बहुतेक मौल्यवान वस्तू १८४७ सालच्या आगीत नष्ट झाल्या. पेटी नाउजवर पगारातून कपात होऊन जमलेला पैसा होता आणि जागेचीही वाटणी करायची होती.

विदर्भातल्या शिलावर्तुळांशी यांचा काही संबंध?

संबंध नाही. पण तुलना करायला हरकत नाही, आणि नागपूरकर हा प्रश्न हमखास विचारतात. जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड इथली वर्तुळं लोहयुगातली, रोमन किल्ल्याच्या कित्येक शतकं आधीची. तिथं कड मोठ्या दगडगोट्यांची असते, इथं मातीचा चर. तिथं लोखंडी हत्यारं आणि घोड्याचे तांब्याचे दागिने मिळतात, इथं जोड्यांचे खिळे. जुनापाणीच्या काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. पेटी नाउजला जायचा योग येईपर्यंत नजर तयार करायची असेल तर काटोल रस्त्यावरून हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी, ऊन वर यायच्या आत, जुनापाणीला जाऊन या. तिरप्या उजेडाची युक्ती दोन्हीकडे सारखीच चालते.